हिल्डा बर्केटने टाकलेलं पत्र

हिल्डा बर्केटने मिलम गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं. सुरुवातीला सायकलवरून, मग लाल व्हॅनमधून, आणि शेवटची चार वर्षं व्हॅन दुसऱ्याला दिल्यामुळे पुन्हा पायी. खाडीवरून वारा सुटला की गावातली धडधाकट माणसंसुद्धा दार लोटून घ्यायची, तेव्हा ही बाई पिशवी छातीशी धरून वाकून चालत असायची. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं, तर म्हणायची, "पहाटे चारला उठणारी बायको कुणाला हवी असते?"

निवृत्त झाल्यावर नवव्या वर्षी तिच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार होता. समोर बघितलं की मधोमध धुरकट ठिपका दिसायचा, आणि कडेचं मात्र सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी हिल्डाने गाडीची किल्ली खिशातून काढून धाकट्या बहिणीच्या हातात दिली. ही बहीण कॉनी. नवरा गेल्यावर ती हिल्डाकडे राहायला आली होती, आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे हिल्डाची लाल मायक्रा गाडी दारात नुसती उभी राहिली.

मार्चमध्ये ती थेल्माने घेतली. थेल्मा खाडीपलीकडच्या गावात शाळेत स्वयंपाक करायची. जाड, हसरी, सारखी घाईत असलेली बाई. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हिल्डाने नोंदणीपुस्तिका पुढे ओढली. जाड काळ्या पेनाने, नाक कागदाला लावून, थेल्माचं नाव आणि पत्ता मोठ्या अक्षरांत भरला. दोघींनी सह्या केल्या. खालचा हिरवा तुकडा फाडून थेल्माला दिला, आणि वरचा भाग गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या परवाना खात्याच्या पत्त्याच्या पाकिटात घालून, तिकीट लावून, हिल्डा स्वतः कोपऱ्यावरच्या पत्रपेटीकडे चालत गेली. कॉनी म्हणाली होती, "दे, मी टाकते." पण पत्र टाकायचं काम हिल्डा दुसऱ्याला देत नसे.

गाडी गेली, तिच्या दृष्टीने विषय संपला.

जूनमध्ये परवाना खात्याचं पत्र आलं. कॉनीने चष्मा लावून वाचून दाखवलं. मजकूर असा, की तुम्ही गाडी विकल्याचं आम्हाला दुसऱ्या मार्गाने कळलं आहे. मालकी बदलल्याची सूचना तुम्ही दिलेली नाही. हा गुन्हा आहे. चौदा दिवसांत भरल्यास पस्तीस पाउंड, नंतर पंचावन्न, आणि तरीही न भरल्यास कोर्ट.

"दुसऱ्या मार्गाने म्हणजे?" हिल्डाने विचारलं.

"थेल्माने तिचा हिरवा तुकडा पाठवला असेल की."

तसंच होतं. थेल्माने तो तुकडा घड्याळामागे खोचून ठेवला होता आणि अडीच महिन्यांनी तिला आठवला. तिचं पत्र पोचलं होतं. हिल्डाचं पोचलं नव्हतं, असं खात्याचं म्हणणं.

"भरून टाक आणि मोकळी हो," कॉनी म्हणाली. "पस्तीस पाउंडांनी आपण काही भिकेला लागत नाही."

"मी पत्र टाकलंय, कॉनी."

"टाकलंस गं. कोण नाही म्हणतंय?"

"हे म्हणतायत." हिल्डाने कागदावर बोट आपटलं. "मी भरले तर मी पण म्हटल्यासारखं होईल."

दुसऱ्या दिवशी तिने खात्याला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. मुलगी गोड होती आणि थकलेली होती.

"आमच्याकडे तुमच्या पत्राची नोंद नाहीये, मॅडम."

"मी नऊ मार्चला टाकलं. संध्याकाळच्या साडेपाचच्या टपालात."

"तुम्हाला आमच्याकडून पोचपत्र आलं का?"

"नाही."

"मग चार आठवड्यांत आम्हाला फोन करायचा होता. फॉर्मवर लिहिलेलं असतं."

"लिहिलेलं असतं, हे खरं. पण ती विनंती आहे की कायदा?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, बाळ. फोन केला नाही म्हणून दंड आहे, की पत्र टाकलं नाही म्हणून?"

"पत्र मिळालं नाही म्हणून, मॅडम."

"मिळालं नाही, हे तुमचं झालं. मी टाकलं नाही, असं कुणी पाहिलं?"

मुलीने वरिष्ठांना विचारते म्हणून सांगितलं, पुन्हा संगीत लागलं, आणि नऊ मिनिटांनी फोन आपोआप तुटला. हिल्डाने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि कॉनीला म्हणाली, "कागद काढ. रेघा नसलेला."

मग पत्रं सुरू झाली. हिल्डाची अक्षरं डोळ्यांमुळे एवढी मोठी यायची, की एका पानावर जेमतेम सहा ओळी मावत. तरी ती स्वतःच लिहायची. कॉनीला लिहू द्यायची नाही. दर पत्राला उत्तर यायचं, आणि दर उत्तरात तेच: आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, आपली बाजू काळजीपूर्वक विचारात घेतली, तथापि आमच्याकडे नोंद नाही, सबब दंड कायम. खाली सही नसायची, खात्याचं नाव छापलेलं असायचं. एकदा तर हिल्डाने पाठवलेलं पत्र पोचायच्या आधीच त्याचं उत्तर आलं, निदान तारखेवरून तरी तसं दिसत होतं.

"आता पंचावन्न झाले," कॉनीने ऑगस्टमध्ये सांगितलं. "आणि कोर्टात हरलीस तर हजारापर्यंत दंड होऊ शकतो, असं लिहिलंय. हजार, हिल्डा! छपराचं काम काढायचंय आपल्याला."

"हजार कशाला करतील? मी काय बँक लुटली?"

"पण का? एवढं का लागलंय तुला? वर्तमानपत्रात येणार आहे का, हिल्डा बर्केट खोटारडी म्हणून?"

हिल्डा उठली, सिंकपाशी गेली, नळ सोडून उगाच एक स्वच्छ कप धुतला. मग पाठमोरीच बोलली.

"आपले वडील लोखंडाच्या कारखान्यात होते. भट्टी बंद पडली तेव्हा साहेबांनी कागदावर लिहून दिलं, की कामगारांनी हयगय केली म्हणून भट्टी फुटली. सही करा आणि दोन आठवड्यांचा पगार घ्या. खोटं होतं, पण सगळ्यांनी सही केली. बाबांनी पण केली. पोरं होती ना घरात. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले, आणि एकदाही कारखान्याच्या रस्त्याने फिरायला गेले नाहीत. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस."

कॉनीला आठवत नव्हतं. पण त्या दिवसानंतर ती "भरून टाक" म्हणायची थांबली. सोमवारी ती एकटीच गावातल्या वाचनालयात गेली, आणि कायद्याची पुस्तकं कुठे ठेवता म्हणून विचारलं. तिथल्या बाईंना वाटलं ही रहस्यकथा मागतेय. पुढे तीन आठवडे कॉनी रोज दुपारी तिथे बसून होती. आयुष्यात विणकामाच्या मासिकापलीकडे काही वाचलेलं नव्हतं, आता कलमांच्या मागे लागली. एके दिवशी धापा टाकतच घरी आली, कोट न काढता टेबलाशी बसली, आणि वहीत उतरवलेलं वाचून दाखवलं. एक जुना कायदा होता. कायद्याने एखादी गोष्ट टपालाने पाठवायची मुभा दिली असेल, आणि पत्ता बरोबर घालून, तिकीट लावून ती टपालात टाकली असेल, तर ती पोचली असंच धरायचं. पोचली नाही, असं उलट सिद्ध झालं तरच वेगळं.

"पुन्हा वाच," हिल्डा म्हणाली.

कॉनीने पुन्हा वाचलं.

"हे कुणी लिहिलं असेल, त्याने कधीतरी टपाल वाटलंय," हिल्डा म्हणाली, आणि जूननंतर पहिल्यांदा मनापासून हसली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला समन्स आलं. सुनावणी नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, व्हाइटहेवनच्या कोर्टात. ही बातमी गावात पसरायला तासाभराहून जास्त वेळ लागला नाही. पावाच्या दुकानात एकाने विचारलं, "काय हिल्डा, बेड्या कधी घालतायत?" हिल्डा म्हणाली, "घालतील तेव्हा तुला बोलावते, किल्ली तुझ्याकडेच ठेवायला देते."

थेल्मा तर रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. हातात सफरचंदाचा केक होता. "माझ्यामुळे झालं सगळं, हिल्डा. मी तो तुकडा वेळेवर पाठवला असता, किंवा पाठवलाच नसता, तर त्यांना पत्ताच लागला नसता. मी भरते पंचावन्न. ऐक माझं."

"केक आत आण," हिल्डा म्हणाली. "पैसे पर्समध्ये ठेव. तू तुझं काम केलंस, उशिरा का होईना. मी माझं वेळेवर केलं. यात चुकलं असेल तर आपलं दोघींचं चुकलेलं नाही."

त्यानंतर आठवड्याभराने नेव्हिल आला.

नेव्हिल म्हणजे गावाचा सध्याचा पोस्टमन. चाळिशी ओलांडलेला, लांबट चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा. नोकरीला लागला तेव्हा पहिले सहा आठवडे हिल्डाने त्याला बरोबर घेऊन गल्ल्या दाखवल्या होत्या, कुठला कुत्रा चावतो आणि कुठल्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावं लागतं तेही सांगितलं होतं. अजूनही तो तिला "मिस बर्केट" म्हणायचा आणि टोपी काढायचा.

"मिस बर्केट, मी कोर्टात येतो," तो दारातच म्हणाला.

"कशाला?"

"तुम्ही पत्र टाकलंत ते मी पाहिलंय. विसरलात? मी पेटी उघडत होतो, तुम्ही आलात, आणि पाच मिनिटं आधी का उघडलीस म्हणून मला झापलंत. भर रस्त्यात. समोरच्या खिडकीतून लोक बघत होते. मग पाकीट सरळ माझ्या गोणीत टाकलंत. खात्याचा पत्ता होता, मोठ्या काळ्या अक्षरांत. मी कसा विसरेन?"

कॉनी खुर्चीतून ताडकन उठली. "नेव्हिल! अरे मग इतके दिवस कुठे होतास? हिल्डा, झालं, सुटलो आपण!"

हिल्डाने मात्र नेव्हिलला बसायला सांगितलं, चहा ओतला, दूध घातलं. मग त्याच्याकडे बघितलं, म्हणजे नीट दिसावा म्हणून जरा त्याच्या कानाकडे बघितलं.

"तू कोर्टात काय सांगणार, नेव्हिल?"

"हेच. तुम्ही पत्र टाकलं."

"आणि कुणाला टाकलं ते."

"हो."

"मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

नेव्हिलने कपात बघितलं. "पिशवीतलं पिशवीत."

"पिशवीतलं पिशवीत. कुणाचं पत्र कुणाला गेलं, हे पोस्टमनच्या तोंडून निघत नाही."

"पण हे तुमचंच पत्र आहे ना. तुमची परवानगी आहे."

"आज माझी परवानगी आहे. उद्या कुणी दारू पिऊन येईल आणि म्हणेल, माझी बायको कुणाला पत्रं टाकते सांग. तू म्हणशील, सांगत नाही. तो म्हणेल, हिल्डाचं तर भर कोर्टात सांगितलंस. मग? आणि तुझा साहेब तुला काय म्हणाला, ते मी विचारत नाही. पण तो खूश नसणार."

नेव्हिल टोपीची कड चाचपत राहिला, म्हणजे साहेब खूश नव्हताच.

"तू आलास, हे मी विसरणार नाही," हिल्डा म्हणाली. "आता केक खा."

तो गेल्यावर कॉनी जी भडकली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत. "देवाने साक्षीदार दारात आणून उभा केला आणि तू त्याला केक खाऊ घालून परत पाठवलास! ही तत्त्वं खटला संपल्यावर पाळली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"खटला संपल्यावर पाळता येतात त्यांना तत्त्वं म्हणत नाहीत. सोय म्हणतात."

"आणि हरलीस तर?"

"हरले तर हरले. पण टपालाची शिस्त मोडून टपालाबद्दल जिंकायचं, हे मला जमायचं नाही."

कॉनीने ताटली सिंकमध्ये आपटली. पण झोपायला जाताना तिने हिल्डाचा निळा कोट कपाटातून काढून ब्रशने झाडून ठेवला.

तेरा तारखेला दोघी सकाळच्या आगगाडीने निघाल्या. गाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते. लाटांचे तुषार खिडकीवर येत होते. हिल्डाला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण कडेचा समुद्र लख्ख दिसत होता. ती तोंडातल्या तोंडात मुद्दे घोकत होती, कारण कागदावरून वाचणं तिला शक्य नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात खात्याचा माणूस भेटला. लॅव्हरी त्याचं नाव. बारीक, सर्दी झालेला, मागे चाकाची पेटी ओढत आलेला. पेटीत फायलींची चळत होती. त्याने हिल्डाचं नाव विचारून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मिस बर्केट, उगाच त्रास कशाला? आत्ता पंचावन्न भरा, मी इथेच केस मागे घेतो. आत जायची गरजच नाही."

"तुम्ही केस मागे घ्या," हिल्डा म्हणाली, "मी पंचावन्नाचं मनावर घेत नाही."

लॅव्हरीने रुमाल नाकाला लावला. त्यामागे तो हसला की शिंकला, हे कॉनीला कळलं नाही.

तिचं नाव पुकारलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. समोर तिघे मानद न्यायाधीश बसले होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याच्या. त्यांच्या पुढे खाली कायद्याचा सल्लागार, तरुण आणि नीटनेटका. हिल्डाला वकील आहे का, असं मधल्या बाईंनी विचारलं. "नाही, माझी मीच आहे," ती म्हणाली.

लॅव्हरीने खात्यातल्या एका अधिकारी बाईचं लेखी निवेदन वाचलं. तिने नोंदी तपासल्या होत्या, आणि सदर गाडीबाबत विक्रेत्याकडून कोणतीही सूचना आल्याचं आढळलं नव्हतं. एवढंच. त्याला ते पुरेसं वाटत होतं. त्याने फाईल मिटवलीसुद्धा.

"तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" मधल्या बाईंनी विचारलं.

"एक विचारायचंय, बाईसाहेब. त्या अधिकारी बाईंनी कुठे शोधलं?"

लॅव्हरीने फाईल पुन्हा उघडली. "संगणकावरच्या नोंदींमध्ये."

"संगणकात काय सापडतं? कुणीतरी पाकीट उघडून आत घातलेलं असेल तेच. पाकिटं येतात त्या खोलीत त्या गेल्या होत्या का? तिथे कुणाला विचारलं का?"

"निवेदनात तसं नमूद नाही."

"दिवसाला किती पत्रं येतात, ते नमूद आहे?"

"नाही."

"मग त्यांना एवढंच माहीत आहे, की संगणकात नाही. पत्र आलं नाही, हे त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नाही. मला माहीत आहे ते मी शपथेवर सांगते."

तिने शपथ घेतली आणि सांगितलं. तारीख, वेळ, तिकीट, पत्ता, पेटी. टाकताना कुणी पाहिलं का, असं सल्लागाराने विचारलं. मागच्या बाकावर कॉनी पुढे वाकली.

"पाहिलं," हिल्डा म्हणाली. "पण ज्याने पाहिलं तो टपालाचा माणूस आहे. मी त्याला इथे आणणार नाही. मी स्वतः एकतीस वर्षं टपाल वाटलंय. कुणाचं पत्र कुणाला गेलं, हे आम्ही सांगत नाही. माझं स्वतःचं असलं तरी."

न्यायाधीश बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मग लॅव्हरी उभा राहिला. आता त्याला रस्ता दिसला होता. "एकतीस वर्षं. म्हणजे तुम्ही जाणकार. मला सांगा, मिस बर्केट, या एकतीस वर्षांत तुमच्या हातून एकही पत्र हरवलं नाही?"

नाही म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि हो म्हटलं तर तो म्हणणार होता, मग हेही वाटेत हरवलं असेल. हिल्डाला हे कळत होतं. तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"एक हरवलं," ती म्हणाली. "ब्याऐंशी साली. आमच्या गावात मिसेस ट्रँटर म्हणून बाई होत्या, त्यांचा मुलगा जहाजावर होता. त्याचं पत्र माझ्या पिशवीच्या फाटक्या अस्तरात शिरलं. अकरा आठवड्यांनी पिशवी शिवायला काढली तेव्हा सापडलं. साहेब म्हणाले, गुपचूप दारातून आत सरकव, परदेशी टपालाला उशीर होतोच. मी दार ठोठावलं. सांगितलं, हे माझ्यामुळे हरवलं होतं. त्या अकरा आठवड्यांत त्या बाई रोज फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि मी रोज त्यांना म्हणायचे, आज नाही हो काही. पत्र माझ्याच खांद्यावर होतं. त्या माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं."

लॅव्हरी बोलायला गेला, पण तिचं संपलं नव्हतं.

"तेव्हा पत्र हरवतं, हे मला तुम्ही शिकवायला नको. वाटेत हरवतं, नाहीतर पोचल्यावर हरवतं. पण हरवलं, तर ज्याच्या ताब्यात होतं त्याने पुढे येऊन कबूल करायचं असतं. ज्याने बिचाऱ्याने लिहून टाकलं, त्याच्याच घरी दंड पाठवायचा, असं मी टपालात कुठे ऐकलं नाही."

लॅव्हरी खाली बसला.

मग सल्लागाराने तो जुना कायदा न्यायाधीशांना वाचून दाखवला. हिल्डाला तो मांडावाही लागला नाही. कॉनी मात्र वहीवर बोट ठेवून शब्दन्‌शब्द पडताळून बघत होती, आणि तो एक ओळ गाळतो की काय या धास्तीने अर्धवट उठून बसली होती. त्याने गाळली नाही.

तिघे आत गेले. वीस मिनिटं झाली. हिल्डा ताठ बसली होती, तिचा हात कॉनीने घट्ट धरला. लहानपणानंतर दोघींनी एकमेकींचा हात असा धरला नव्हता.

बाहेर आल्यावर मधल्या बाईंनी फार पाल्हाळ लावलं नाही. मिस बर्केट यांनी पत्र टाकलं, यावर आमचा विश्वास बसला आहे. टाकलं असेल तर ते पोचलं असं कायदा धरतो. संगणकात नोंद नाही, यावरून ते पोचलंच नाही असं सिद्ध होत नाही. निर्दोष. येण्याजाण्याचं भाडं मिळेल.

"आभारी आहे, बाईसाहेब," हिल्डा म्हणाली. कॉनीचं नाक लाल झालं होतं आणि ती रुमाल शोधत होती.

परतीच्या गाडीला दीड तास होता. दोघींनी बंदरावरच्या दुकानातून तळलेला मासा आणि बटाटे घेतले, भरपूर व्हिनेगर मारून, आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून हातानेच खाल्ले. थंडीने बोटं आखडली होती. एक धीट समुद्रपक्षी कॉनीच्या बुटाशी येऊन उभा राहिला.

लॅव्हरी पेटी ओढत तिथूनच चालला होता. त्यांना बघून थांबला. "चाळीस फायली होत्या आज," तो म्हणाला. "आलात तुम्ही एकट्याच. बाकीच्यांनी पैसे भरले, नाहीतर फिरकलेच नाहीत."

"त्यातल्या कितींनी पत्र टाकलं असेल?" हिल्डाने विचारलं.

त्याने घड्याळात बघितलं. "माझी गाडी आहे," म्हणाला. चार पावलं गेला, मग मागे वळून म्हणाला, "माझी आई असती ना, तिनेही हेच केलं असतं," आणि चाकं खडखडवत निघून गेला.

"बटाटा घ्या म्हणायला हवं होतं त्याला," कॉनी म्हणाली. "उपाशी दिसत होता."

गावात स्टेशनवर नेव्हिल उभा होता, गणवेशातच. विचारलं काही नाही. कॉनीने लांबूनच दोन्ही हात वर केले, तेव्हा त्याने टोपी काढली आणि प्लॅटफॉर्मवर इतक्या जोरात हसला, की तिकीट तपासनीस बघायला लागला.

इथे सगळं संपायला हरकत नव्हती. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खात्याचं आणखी एक पत्र आलं. कॉनीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"लिहिलंय... दंडाच्या रकमेबद्दल आभार. आपली रक्कम मिळाली असून प्रकरण बंद करण्यात येत आहे."

"कसली रक्कम?"

"काय माहीत! संगणकाने लिहिलं असेल. प्रकरण बंद म्हणतायत ना, झालं तर. हिल्डा, नको. हिल्डा! नाताळ आलाय."

"त्यांच्या दप्तरात मी दंड भरलेली बाई आहे," हिल्डा म्हणाली. तिने टेबलावरची कपबशी बाजूला सारली, जाड काळं पेन घेतलं आणि कागदावर वाकली. "तारीख काय आज?"

कॉनीने छताकडे बघून सुस्कारा सोडला. "चार."

त्या पत्राला दोन ओळी पुरल्या. मी कोणतीही रक्कम भरलेली नाही. कोर्टाने मला निर्दोष ठरवलं आहे, तसं लिहा.

जानेवारीच्या अखेरीस उत्तर आलं. नोंदीत दुरुस्ती केली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. हिल्डाने ते कॉनीकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी "दुरुस्ती" हा शब्द आला तिथे तिने मान हलवली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, "बटाटे चढव."